आउटकास्टचा ‘स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो’: हा एक अल्बम समजावा की दोन?

प्रश्न: टिळकवाडीचा श्रोता

नमस्कार. बेळगावात शहापूरला एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी जमतो, एखादे ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मग चहा घेत त्यावर बोलतो. यांतले निम्मे लोक ख्यालगायकी आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेले आहेत आणि सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आपल्या जिल्ह्याचे, याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. उरलेली मुले कॉलेजात शिकतात आणि त्यांच्या तोंडी मराठी, कन्नड आणि हिंदी रॅप असतो. पुढच्या महिन्यात निवडीची पाळी माझी आहे. मी अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीचा २००३ सालचा दुहेरी अल्बम निवडला आहे. ‘स्पीकरबॉक्स’ ही त्यातली पहिली तबकडी जोडीतल्या बिग बॉयची आणि ‘द लव्ह बिलो’ ही दुसरी आंद्रे ३००० ची.

निवड जाहीर केल्यापासून मी थोडा अडचणीत आहे. ‘दक्षिणी हिप-हॉप’ म्हटले की आपल्याकडच्या माणसाची नजर धारवाड-हुबळीच्या पलीकडे जाते. त्यामुळे इथे अमेरिकेची दक्षिण अभिप्रेत आहे, जॉर्जिया आणि टेक्सासची, हे प्रत्येकाला वेगळे सांगावे लागते. ते सांगता येईल. खरी अडचण पुढे आहे. चाचणी म्हणून मी चार जणांना दोन्ही तबकड्यांतली गाणी आधीच ऐकायला दिली. रॅप ऐकणाऱ्या दोघा मुलांना बिग बॉयची पहिली तबकडी फार आवडली आणि आंद्रे ३००० ची दुसरी त्यांनी निम्म्यावर सोडली. उलट, गाणे शिकलेल्या माझ्या मावशीला दुसऱ्या तबकडीतले ‘प्रोटोटाइप’ इतके आवडले की तिने ते तीनदा लावले, पण पहिली तबकडी तिला एकसुरी वाटली. ज्या कृतीला त्या वर्षी अमेरिकेतला सर्वांत मोठा संगीत पुरस्कार मिळाला, ती समोरच्या माणसांत अशी चिरली जावी, याचे मला कोडे पडले आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. हा अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी त्याचे स्वागत नेमके कशासाठी केले आणि सामान्य श्रोत्याने त्यातले काय जवळ ठेवले? ते कौतुक आज टिकून आहे का? आणि दोन सव्वादोन तासांची ही कृती आमच्या बैठकीत सलग लावावी, की निवडून लावावी?

उत्तर: निपाणीचा वाचक

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर २००३ च्या आधी, १९९५ सालात जावे लागेल. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला ‘द सोर्स’ या मासिकाचा पुरस्कार सोहळा होता. हिप-हॉपमध्ये तेव्हा दोनच गावे मानली जात, एक न्यूयॉर्क आणि दुसरे लॉस एंजेलिस, आणि त्या दोघांत वैर पेटलेले होते. अशा सभागृहात सर्वोत्कृष्ट नव्या रॅप गटाचा पुरस्कार अटलांटाच्या या दोन पोरांना जाहीर झाला आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. विशी-एकविशीचा आंद्रे ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, एवढेच बोलून खाली उतरला. पुढे अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स या शहरांनी मिळून हिप-हॉपचा तोल आपल्याकडे झुकवला आणि त्या इतिहासात हे एक वाक्य पुन्हा पुन्हा उद्धृत होते.

१९९४, १९९६, १९९८ आणि २००० अशा चार अल्बमांनी आउटकास्टने ते वाक्य खरे करून दाखवले. अटलांटातल्या एका घराच्या तळघरात जमलेल्या ‘डंजन फॅमिली’ या गोतावळ्यातून आणि ‘ऑर्गनाइझ्ड नॉइझ’ या निर्मात्यांच्या हाताखाली ही जोडी घडली होती. प्रत्यक्ष वाजवलेली बास गिटार, चर्चमधल्या समूहगानाची धाटणी आणि फंक (ठेक्यावर उभे असलेले नाचाचे संगीत) हे त्यांच्या रॅपच्या पोटात पहिल्यापासून होते. सांगायचा मुद्दा असा की २३ सप्टेंबर २००३ ला हा दुहेरी अल्बम आला तेव्हा समीक्षकांच्या मनात या जोडीबद्दल नऊ वर्षांची पुण्याई जमा होती. कौतुक करायला ते आधीच तयार होते, असे म्हटले तरी चालेल.

आणि कौतुक झालेही. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत सुमारे पाच लाख संच विकले जाऊन अल्बम विक्रीच्या यादीत वरच्या स्थानी गेला. ‘व्हिलेज व्हॉइस’ हे साप्ताहिक देशभरातल्या समीक्षकांचा दरवर्षी जो कौल घेत असे, त्यात त्या वर्षीचा पहिला अल्बम हाच होता आणि पहिले गाणे ‘हे या!’ होते. फेब्रुवारी २००४ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम रॅप अल्बम असे दोन्ही मान मिळाले. त्याआधी हिप-हॉपशी नाते सांगणाऱ्या फक्त लॉरिन हिल यांच्या अल्बमला, १९९९ मध्ये, हा मुख्य पुरस्कार मिळाला होता आणि त्यात गाणे रॅपइतकेच होते. आउटकास्टनंतर पुढची वीस वर्षे एकाही रॅप अल्बमला तो मिळाला नाही. विक्रीच्या प्रमाणपत्रांत त्याचा आकडा एक कोटीच्या वर दिसतो, मात्र तिथे दोन तबकड्यांचा संच दोनदा मोजतात, त्यामुळे लोकांनी घरी नेलेल्या संचांची संख्या त्याच्या निम्मी धरावी. तीही थोडी नाही.

आता जे मला मनापासून वाटते ते लिहितो. या कौतुकाचा बराचसा भाग दुसऱ्या तबकडीच्या वाट्याला गेला आणि त्याचे कारण मला पटत नाही. आंद्रे रॅप जवळजवळ सोडून गायला लागला, त्याने गिटार हातात घेतली, त्याच्या गाण्यात प्रिन्स या पॉप गायकाची आणि जुन्या जॅझची छाया दिसली, म्हणून ज्या समीक्षकांना रॅपकडे कला म्हणून बघायला जड जात होते त्यांना या अल्बमवर प्रेम करायला एक सोपी वाट मिळाली. ‘रॅपच्या मर्यादा ओलांडल्या’ हे प्रशस्तिपत्र ऐकायला गोड असले तरी त्यात रॅप ही मर्यादा आहे, हे गृहीत धरलेले असते. एखाद्या लावणी गायिकेची स्तुती करताना ‘ही तर ठुमरीही गाते’ एवढेच सांगावे आणि तिच्या लावणीबद्दल चकार शब्द काढू नये, तसे बिग बॉयचे झाले. ‘स्पीकरबॉक्स’ चांगले आहे असे बहुतेकांनी लिहिले, पण चार ओळींत लिहून ते पुढे गेले.

श्रोत्यांचे मात्र निराळे होते. ‘हे या!’ डिसेंबर २००३ पासून सलग नऊ आठवडे अमेरिकेतले पहिल्या क्रमांकाचे गाणे राहिले आणि त्याला खाली उतरवले ते याच अल्बमच्या पहिल्या तबकडीतल्या ‘द वे यू मूव्ह’ने. एका जोडीची दोन माणसे, दोन वेगळ्या तबकड्यांवरून, एकमेकांच्या पाठोपाठ शिखरावर गेली. समीक्षकांनी तराजू झुकवला असेल, पण लोकांनी दोन्ही पारडी उचलली होती, आणि तुमच्या मावशी व ती दोन मुले यांच्यातला फरक म्हणजे त्याच वाटणीची शहापुरातली आवृत्ती आहे.

उत्तर: खानापूर रस्ता, ध्वनिव्यवस्था

मी समीक्षा वाचणारा माणूस नाही. लग्नसराईत आणि गणपतीत डॉल्बी लावणे हा आमचा घरचा धंदा आहे, म्हणून फक्त आवाजाविषयी लिहितो.

पहिली तबकडी आपल्या मावशींनी कशावर ऐकली, हे कृपया विचारून पाहा. मोबाइलवर किंवा लहान स्पीकरवर ऐकली असेल तर त्यांनी ती ऐकलेलीच नाही, असे मी नम्रपणे म्हणेन. स्पीकरबॉक्स म्हणजे स्पीकर बसवलेली लाकडी पेटी. अमेरिकेच्या दक्षिणेत गाडीच्या डिकीत अशा पेट्या बसवून रस्त्यावरून बास घुमवत जाण्याची रीत आहे आणि हे संगीत त्या पेट्यांसाठीच बांधलेले आहे. ‘द वे यू मूव्ह’च्या पहिल्या कडव्यात बिग बॉय स्वतः आठशे आठचे नाव घेतो आणि बास जाणवतो का, असे विचारतो. आठशे आठ म्हणजे रोलँड कंपनीचे १९८० साली आलेले तालयंत्र. त्याचा खालचा ठोका नुसता ‘धप्’ होऊन विरत नाही, तर लांबत जातो, आणि त्या लांबलेल्या शेपटीत सूर असतो. लहान स्पीकरला तो सूर काढताच येत नाही, म्हणून तिथे फक्त टिकटिक आणि शब्द उरतात आणि ऐकणाऱ्याला ते एकसुरी वाटते.

मागच्या पावसाळ्यात काम नसताना मी आमच्या गोदामात अठरा इंचांचे दोन बास आणि वर एकच टॉप लावून हे गाणे वाजवले होते. कडवे चालू असताना जमीन भरल्यासारखी वाटत होती, पत्र्याला टांगलेली साखळी हलत होती, आणि धृपदाला स्लीपी ब्राउन या गायकाचा मऊ आवाज आणि पितळी वाद्ये आली तशी वरची सगळी जागा एकदम उजळली. खाली काळोख आणि वर ऊन अशी ती बांधणी आहे. आवाज मोठा करण्याची गरज नव्हती, मी तो घरात चालेल इतपतच ठेवला होता. फक्त खालचे सूर पुरे असायला हवेत.

उत्तर: शहापूरचा तबलावादक

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बराच सहमत आहे, परंतु दुसऱ्या तबकडीची बाजू मांडायला कोणीतरी हवे, म्हणून लिहितो. शिवाय आपल्या बैठकीत तालाचे जाणकार असतील तर त्यांच्यासाठी ‘हे या!’ ही फार मोलाची वस्तू आहे.

हे गाणे जगभर नाचाचे गाणे म्हणून गाजले. त्यावर हाताने मात्रा धरून पाहा. पहिले तीन खंड चार-चार मात्रांचे येतात, चौथा खंड दोनच मात्रांचा येतो आणि त्यानंतर पुन्हा चार-चारचे दोन. असे बावीस मात्रांचे आवर्तन पूर्ण गाणेभर फिरत राहते. ज्याला सरळ केरव्याची सवय आहे त्याचा हात चौथ्या खंडात हमखास चुकतो, कारण तिथे दोन मात्रा खाल्ल्या गेलेल्या असतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी नुसते ऐकवले आणि मग टाळी द्यायला सांगितले, तेव्हा आठांपैकी सात जण त्याच जागी अडखळले. तरीही गाणे ऐकताना कोणालाही अडखळल्यासारखे वाटत नाही. कोट्यवधी माणसांना विषम आवर्तनावर नाचवणे आणि त्याचा पत्ताही लागू न देणे, याला मी मोठी कारागिरी समजतो. समीक्षकांनी यासाठी त्याला डोक्यावर घेतले असेल, तर ते योग्यच केले.

शब्दांकडेही मंडळींचे लक्ष वेधावे. वरून उत्साहाने उसळणाऱ्या या गाण्यात आंद्रे विचारतो आहे की कुठलीच गोष्ट कायम टिकत नसेल तर प्रेम तेवढे का टिकावे, आणि सुखी नसताना दोन माणसे एकत्र का राहतात. मध्येच तो थांबून म्हणतो की तुम्हाला माझे ऐकायचे नाही, तुम्हाला नाचायचे आहे. श्रोत्यांनी पुढे अगदी तेच केले. गाण्याचे स्वागत कसे होणार, हे गाण्यातच आधी लिहिलेले असण्याचे असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आता दोषही सांगितला पाहिजे. दुसरी तबकडी सुमारे ७८ मिनिटांची आहे आणि पहिली ५६ च्या आसपास. या जादा वीस-बावीस मिनिटांचे समर्थन करणे मला जमलेले नाही. मधली संवादांची तुकडेबाजी आणि काही लांबलेल्या प्रेमगीतांत आंद्रेचा आवाज सुरावर नीट बसत नाही. त्याला गायचे होते आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे होते, पण गळ्याची तयारी अपुरी होती, हे गवयाच्या कानाला कळते. दोन्ही तबकड्यांतले उत्तम तेवढे निवडून एकच केली असती तर ती निर्दोष झाली असती, असे तेव्हाही अनेकांनी लिहिले होते आणि आजही ऐकणारे आपापल्या परीने तशी यादी करतात. मी स्वतः ती यादी दोनदा केली आणि दोन्ही वेळा मोडली. ‘घेटो म्युझिक’नंतर लगेच ‘प्रोटोटाइप’ आले की दोन्ही गाणी कोती वाटतात. प्रत्येकाला आपापल्या तबकडीतला शेजार लागतो, त्यामुळे लांबी हा दोष असला तरी कापून काढता येण्याजोगा नाही, अशा मतावर मी आलो आहे.

एक किंवा दोन या आपल्या प्रश्नावर माझे म्हणणे असे की ही जुगलबंदी नव्हे. जुगलबंदीत दोघे एका तालात, एकमेकांचे बघून वाजवतात. इथे एकाच तिकिटावर दोन मैफली आहेत.

उत्तर: चिकोडीची कवयित्री, मराठी-कन्नड रॅप

तबलावादक सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि त्यासाठी पुरावा अल्बममध्येच आहे. दोन्ही भाग स्वतंत्र अल्बम म्हणून सुरू झाले होते, हे खरे. पण पहिल्या तबकडीचे दार उघडणारे ‘घेटो म्युझिक’ आंद्रेने बांधलेले आहे आणि त्यात त्याचा आवाजही आहे. दुसऱ्या तबकडीतल्या ‘रोझेस’मध्ये बिग बॉय येऊन आपले कडवे म्हणून जातो. दोन भाऊ वेगळे राहू लागले तरी सणाला एकमेकांच्या घरी जेवायला जातात, इतपत हे नाते आहे. एवढ्यासाठी मी याला एकच अल्बम म्हणते.

दक्षिणेचा म्हणून दुहेरी अल्बम ऐकायचा तर टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या यूजीके या जोडीचा २००७ चा ‘अंडरग्राउंड किंग्झ’ शेजारी ठेवून पाहावा. तिथे बन बी आणि पिंप सी दोन्ही तबकड्यांवर खांद्याला खांदा लावून उभे आहेत, संगीत पूर्णपणे त्यांच्या मातीतले आहे, कोणीही गायनाकडे वळलेले नाही. तोही विक्रीच्या यादीत पहिला आला. मात्र वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमसाठी ग्रॅमीच्या पाच नावांत त्याचा विचार झाला नाही. निपाणीच्या वाचकांनी जे लिहिले आहे त्याला याहून चांगला आधार मला देता येणार नाही.

तरीही त्यांच्या उत्तरातल्या एका गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे. बिग बॉय जमिनीवरचा आणि आंद्रे आभाळातला, ही वाटणी पत्रकारांनी केली आणि बिग बॉयची बाजू घेणारेही तीच वाटणी मान्य करून त्याची बाजू घेतात. ‘घेटो म्युझिक’ नीट ऐका. धावत सुटलेला इलेक्ट्रॉनिक ठेका मध्येच तुटतो, पॅटी लाबेल यांच्या जुन्या प्रेमगीताचा संथ तुकडा येतो आणि पुन्हा धावपळ सुरू होते. अख्ख्या संचात याहून धाडसी रचना मला सापडलेली नाही आणि ती ‘जमिनीवरच्या’ तबकडीवर आहे. ‘द रूस्टर’मध्ये तो मोडलेल्या संसारातल्या बापाबद्दल बोलतो, ‘वॉर’मध्ये त्या काळच्या राजकारणाबद्दल, आणि हे सगळे तो जिभेची एकही घडी विस्कटू न देता म्हणतो. त्याचे शब्द ओढलेले आहेत, त्याच्या गावचे आहेत, आणि ते त्याने एका अक्षरानेही पुसलेले नाहीत.

हे मला इतके का लागते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका स्पर्धेत मी माझे रॅप म्हटले. पहिल्याच ओळीत ‘काय करालास’ आले आणि पुढे कन्नड क्रियापदाशी जुळणारे यमक होते. पुढच्या रांगेतले लोक हसले. ओळ विनोदी नव्हती, ती माझ्या आजीबद्दल होती. नंतर परीक्षकांपैकी एकांनी बाजूला घेऊन सांगितले की आशय चांगला आहे, फक्त भाषा शुद्ध करून घ्या. त्या रात्री परतीच्या गाडीत कानात ‘स्पीकरबॉक्स’ होते. हुर्यो झाल्यावर आठ वर्षांनी हा माणूस आपली बोली तशीच ठेवून, तिच्यात आणखी भर घालून, जगातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर गेला होता. मी त्या ओळीतला एकही शब्द बदललेला नाही.

आणखी एक गोष्ट बैठकीत अवश्य सांगावी, कारण स्वागताची गोष्ट सांगताना ती गाळणे बरोबर होणार नाही. त्याच ग्रॅमी रात्री आंद्रेने ‘हे या!’ सादर करताना हिरवा पोशाख, झालरी आणि पिसे, मागे तंबू असा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा देखावा उभा केला होता. त्या समाजाच्या संस्थेने निषेध केला आणि प्रक्षेपण करणाऱ्या सीबीएस वाहिनीला माफी मागावी लागली. ज्यांच्या प्रदेशाची एकेकाळी टिंगल झाली होती, त्यांच्याकडूनच दुसऱ्या समाजाच्या खुणांचा असा वापर व्हावा, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर: निपाणीचा वाचक

चिकोडीच्या ताईंची तक्रार मला मान्य आहे. त्यांनी ‘घेटो म्युझिक’बद्दल लिहिले ते वाचून मी काल रात्री ते पुन्हा ऐकले, आणि माझ्या पहिल्या उत्तरात मी बिग बॉयचा कैवार घेताना त्याला उगाच साधा करून टाकले, हे ध्यानात आले.

पुरस्काराविषयी एक भर घालतो. त्या वर्षी मुख्य पुरस्काराच्या पाच नावांत रॅपर मिसी एलियट यांचाही अल्बम होता. त्या व्हर्जिनियाच्या, म्हणजे पुन्हा दक्षिणेच्याच. न्यूयॉर्कच्या सभागृहाने हुर्यो केल्यानंतर नऊ वर्षांच्या आत पाचांपैकी दोन नावे दक्षिणेतल्या हिप-हॉपची असावीत, ही गोष्ट एकट्या आउटकास्टच्या यशापेक्षा मोठी आहे. आणि ‘हे या!’ला ग्रॅमी मिळाला तो ज्या विभागात, त्याचे नाव ‘अर्बन/अल्टरनेटिव्ह’ असे होते. वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान त्याला मिळाला नाही, तो कोल्डप्लेकडे गेला. गाणे सगळ्यांना आवडले होते, पण त्याला कोणत्या फडताळात ठेवावे हे देणाऱ्यांना ठरवता आले नव्हते, असे त्या जोडनावावरून दिसते.

कौतुक टिकले का, या आपल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते. टिकले, पण त्याची जागा हलली. २००४ मध्ये हा त्यांचा कळस मानला गेला. आज जाणकारांच्या बैठकीत बसाल तर १९९८ चा ‘अक्वेमिनाय’ किंवा २००० चा ‘स्टँकोनिया’ हे त्यांचे श्रेष्ठ काम म्हणून पुढे येते आणि या दुहेरी अल्बमकडे मोठा, पण असमान, अशा नजरेने पाहिले जाते. त्याचे एक कारण पुढच्या घटनांत आहे. २००६ च्या ‘आयडलवाइल्ड’नंतर या जोडीने नवा अल्बम काढलेला नाही, त्यामुळे मागे वळून ऐकणाऱ्याला या दोन तबकड्यांमधली फट आता फुटीची पहिली रेघ म्हणून ऐकू येते, जी २००३ मध्ये कोणाला ऐकू येण्याचे कारण नव्हते. आंद्रेने २०२३ मध्ये बासरीसारख्या फुंकवाद्यांचा, रॅप अजिबात नसलेला अल्बम काढला, तेव्हा अनेकांना ‘द लव्ह बिलो’ आठवले आणि त्याची ओढ तेव्हापासूनच कुठे होती ते उमगले.

प्रश्नकर्ता: टिळकवाडीचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. मी मावशीला विचारले. तिने पहिली तबकडी स्वयंपाक करताना मोबाइलवर ऐकली होती. काल संध्याकाळी तिला माझ्या भावाच्या गाडीत बसवून गोवावेसपासून पिरनवाडीपर्यंत ‘द वे यू मूव्ह’ आणि ‘द रूस्टर’ ऐकवले. दुसऱ्या गाण्यातली पितळी वाद्ये ऐकून ती म्हणाली की हा माणूस बोलतो तेव्हाही लयीत मुरक्या घेतो, हे तिला आधी कळलेच नव्हते. एकसुरी हा शब्द तिने मागे घेतला आहे. शब्द तिला समजले नाहीत, तेव्हा मी तिला ‘द रूस्टर’चा आशय थोडक्यात सांगितला. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

बैठकीचा क्रम मी असा ठरवतो आहे. आधी १९९५ ची हकीकत सांगेन. मग पहिली तबकडी पूर्ण, सलग. चहा. त्यानंतर ‘हे या!’ टाळी धरून, आधी न सांगता. मग दुसऱ्या तबकडीतली सहा-सात गाणी, आणि शेवटी ‘रोझेस’, कारण त्यात दोघेही आहेत. त्यातले काही शब्द वडीलधाऱ्यांसमोर अवघड वाटतील, ते मी आधी सांगून ठेवेन. गाळणार मात्र नाही.

खानापूर रस्त्याच्या मित्रांना एक विनंती आहे. माडी लहान आहे, पंधरा बाय बारा फुटांची असेल. जिना अरुंद आहे. त्या रविवारी आपण काही व्यवस्था करू शकाल का?

उत्तर: खानापूर रस्ता, ध्वनिव्यवस्था

तेवढ्या खोलीला अठरा इंचांचा एकच बास पुरे होतो. दोन लावले तर भिंतींवरून घुमून ठोका अस्पष्ट होईल. पेटी कोपऱ्यात न ठेवता लांब भिंतीच्या मध्याजवळ ठेवू आणि खाली जाड सतरंजी घालू, म्हणजे लाकडी तक्तपोशी वाजणार नाही. जिन्याची रुंदी आणि वळणावरची उंची मोजून कळवा, आमच्या पेटीची एक बाजू सव्वादोन फूट आहे. शनिवारी संध्याकाळी आणून लावतो आणि ‘द वे यू मूव्ह’वर जुळवून घेतो. भाडे नको, मला बसून ऐकू द्या. खाली राहणाऱ्यांना मात्र आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा.